हत्ती बघायचे पैसे

मामूंचं शेत चंदगडहून तिलारीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याला, हेऱ्याच्या पुढं, जंगलाला लागून आहे. दीड एकर भात, बांधावर केळी, वरच्या अंगाला थोडे काजू. 2002 साली कर्नाटकच्या जंगलातून रानटी हत्ती मांगेलीच्या बाजूनं दोडामार्गात उतरले. पुढं ते घाट चढून आमच्या तालुक्यातही येऊ लागले. तोवर आमच्या घराला हत्ती ठाऊक होता तो दोनच ठिकाणचा. एक सर्कशीतला, दुसरा सूरह फीलमधला. लहानपणी मकतबात ऐकलेली अब्रहाच्या हत्तींची गोष्ट मामू अजून सांगतात आणि वर पुस्ती जोडतात, "उनके वास्ते अबाबील आए. हमारे खेत के वास्ते कौन आनेवाला है?"

मी पेशानं शिक्षक. दिवाळीच्या सुट्टीत मामूंबरोबर राखणीला जायचो. मचाणावर घोंगडी, शेजारी पत्र्याचा डबा आणि बॅटरी. एका रात्री आम्हाला डुलकी लागली. जाग आली ती केळीचे बुंधे मोडल्याच्या आवाजानं. मामूंनी डबा बडवला, मी ओरडलो. हत्तीनं आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केळी संपवून तो खळ्यावर गेला, रचून ठेवलेली भाताची उडवी सोंडेनं उसकटली आणि निवांत खात उभा राहिला. पहाटे तो गेल्यावर मामूंनी आधी फजरची नमाज पढली, मग खळ्यात सांडलेला दाणा गोळा करायला बसले.

पंचनाम्याला साहेब चौथ्या दिवशी आले. मधे अवकाळी पाऊस होऊन पावलांचे ठसे पुसले होते. सातबाऱ्यावर आणखी तिघांची नावं, त्यांची संमती हवी. पुढं चेक आला, पण त्यात मळणीचा खर्चसुद्धा निघाला नाही. तेव्हापासून हत्ती म्हटलं की माझ्या कपाळावर आठी यायची.

आणि हाच मी 2024 च्या ऑगस्टमध्ये हत्ती बघायला आफ्रिकेत गेलो!

गेलो म्हणजे नेलं. माझी आपा रत्नागिरीकडे दिलेली. कोकणातले मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या पूर्व आफ्रिकेत जाऊन राहिले, त्यांतलंच तिचं सासर. भाचा नैरोबीत आहे. "मामू, एकदा तरी मारा नदी बघा," असा त्याचा हट्ट. मसाईमारात त्या मोसमात परदेशी माणसाला एका दिवसाचे दोनशे डॉलर पडतात, हे मला तिकीट काढून झाल्यावर कळलं. रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसलो.

मारा नदी माऊच्या डोंगरातून निघते, मसाईमारा आणि सेरेंगेटीतून वाहत व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. मी मोठं पात्र मनात धरून गेलो होतो. पावसाळ्यात आमची ताम्रपर्णी मला याहून रुंद वाटते. पण काठावर उभे होते हजारो वाइल्डबीस्ट. तोंड बैलासारखं, दाढी बोकडासारखी, जात मात्र हरणाची. चाऱ्यामागं फिरणारा हा कळप दहा लाखांहून मोठा, जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास तो ही नदी ओलांडतो. आम्ही दोन तास थांबलो. जनावरं पाण्यापर्यंत यायची, थबकायची, मागं फिरायची. मग एकानं उडी घेतली आणि सगळा काठच नदीत कोसळल्यासारखा झाला. धूळ, हंबरडे, मधेच मगरीचं डोकं. ओलांडताना दरवर्षी सरासरी सहा हजारांवर जनावरं बुडून मरतात आणि त्यांच्यावर मासे, गिधाडं, मगरी जगतात, असं तिथल्या अभ्यासकांनी मोजलंय.

संध्याकाळी पुढच्या वळणावर हत्तींचा कळप पाण्यावर आला. एक पिल्लू चिखलात घसरलं, आईनं सोंडेनं सावरलं. मी गाडीत उभा राहून लहान मुलासारखा हसत होतो. मग एकदम खळ्यात बसलेले मामू डोळ्यांपुढं आले आणि खाली बसलो.

गाडीचा चालक मसाई होता. भाच्याच्या तोंडून मी त्याला विचारलं, हत्ती तुमच्या पिकात येत नाहीत का? येतात म्हणाला, शिवाय सिंह शेळ्या नेतो तो वेगळाच. पण अभयारण्याच्या शिवेवरची त्याच्या बापाची जमीन गावकऱ्यांनी मिळून जनावरांसाठी सोडली आहे. पर्यटकांच्या पैशातून तिचं भाडं दर महिन्याला येतं. सगळं गोड नव्हतं. चराईला बंदी आल्यानं भाऊ भांडतात, आणि 2020 मध्ये कोरोनानं पाहुणे थांबले तेव्हा भाडंही कापलं गेलं. तरी जमीन त्यांच्या नावावर आणि हत्ती त्यांच्या हिशेबात होता. आमचा हत्ती सरकारचा आणि नुकसान मामूंचं.

परत आल्यावर मामूंना हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. 2020 मध्ये दोडामार्गच्या बाजूचं तिलारीचं जंगल संवर्धन राखीव झालं, तेव्हाही ते असेच गप्प होते. 2025 च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात हत्तीनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मारलं. त्यानंतर मामींनी त्यांना मचाणावर एकटं जाऊ देणं बंद केलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात भाचा आला. त्याला तिलारीचा हत्ती बघायचा होता! मी टाळत होतो, मामूच म्हणाले, "आने दे, मेहमान है." रात्री तिघं मचाणावर बसलो. दोनच्या सुमाराला खालच्या ओढ्यात पाणी वाजलं. भाच्यानं मोबाइल वर केला, तशी मामूंनी पडद्यावर हात ठेवला. उजेड नको. अंधारात फक्त श्वास आणि मोडणाऱ्या फांद्या. पाऊण तासानं आवाज घाटाकडे उतरला. त्या रात्री तो शेतात आलाच नाही.

उजाडल्यावर ओढ्याच्या चिखलात पाऊल सापडलं. भाच्यानं त्याचे फोटो काढले. मामूंनी वीत टाकून मोजलं, दोन विती भरल्या.

"तिथं एकराला भाडं काय देतात?" त्यांनी भाच्याला विचारलं.

तो मोबाइलवर शिलिंगचे रुपये करायला लागला. मामू मात्र तोवर विळा घेऊन उरलेल्या भाताकडे निघाले होते.