माजघरातल्या छायाचित्राची हकीकत

घिवली, तालुका पालघर
नारळी पौर्णिमा

चि. निखिल,

तुझे पत्र पोचले. शाळेच्या सामन्यात तुझ्यावर चार गोल झाले, परतताना संघातले कोणी तुझ्याशी बोलले नाही, आणि आता गोलरक्षकाची जागा सोडून पुढच्या फळीत खेळावे असे तुझ्या मनाने घेतले आहे, हे सारे वाचून झाल्यावर अखेरीस तू सहज विचारलेला प्रश्नच मला अधिक महत्त्वाचा वाटला. माजघरात देवघराच्या दाराशेजारी, वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेले, हवेत झेपावलेल्या माणसाचे ते छायाचित्र कोणाचे, असे तू विचारतोस.

ते ब्रह्मानंद सगुण कामत शंखवाळकर. जन्म १९५४ चा, आडनाव मुरगाव तालुक्यातल्या शंखवाळ गावावरून आलेले. मी बदलीच्या हुकुमाने मुरगाव बंदरात रुजू झालो तेव्हा घिवलीचा समुद्र सोडून आल्याची रुखरुख मनात होती, आणि दफ्तर सुटल्यावर वेळ कसा घालवावा हे उमगत नसल्यामुळे मी वास्कोच्या टिळक मैदानाकडे पाय वळवू लागलो. तिथे साळगावकर क्लबचे सामने होत, आणि शंखवाळकर त्या क्लबचे गोलरक्षक होते. इतर प्रेक्षक मध्यरेषेच्या सुमारास दाटी करीत. मला मात्र गोलाच्या मागची मोकळी जागा आवडली, आणि तिथूनच मी या माणसाचे कसब पाहिले.

झेप सर्वांना दिसते, छायाचित्रही झेपेचेच निघते. परंतु झेपेच्या आधी तो जी दोन-चार पावले पुढे टाकी, त्यांतच खरी विद्या होती, हे ध्यानात यायला मला एक हंगाम लागला. गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. रेषेवर खिळून उभ्या राहिलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंस मोकळे रान उरते. दिवे गेले की आपण भिंतीवर सावल्यांचा खेळ करीत असू, तो आठव : तळहात भिंतीजवळ धरला तर सावली हाताएवढीच पडते, आणि तोच हात कंदिलाकडे नेत गेले की सावली वाढत वाढत सगळी भिंत व्यापते. चेंडू म्हणजे कंदील, गोल म्हणजे भिंत, आणि गोलरक्षक म्हणजे तो हात. मात्र फार पुढे गेलेल्याच्या डोक्यावरून चेंडू अलगद आत पडतो, म्हणून किती पुढे जावे याचा निवाडा क्षणार्धात करावा लागतो. शंखवाळकरांचा तो निवाडा मी क्वचितच चुकलेला पाहिला.

त्या काळी फुटबॉलची राजधानी कलकत्ता होती. राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक तोवर गोव्याच्या वाट्याला कधीच आला नव्हता. १९८३ साली शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली गोवा अंतिम सामन्यात बंगालविरुद्ध उभा राहिला, तोही कलकत्त्यातच. सामना शून्य-शून्य सुटला. पुन्हा खेळवला, तोही शून्य-शून्य. आणि करंडक दोघांना विभागून देण्यात आला. पुढल्या वर्षी मद्रासला गोव्याने पंजाबला एका गोलाने हरवून तो एकट्याने मिळवला. म्हणजे अंतिम फेरीचे तीन सामने, आणि गोव्याच्या जाळ्यात चेंडू एकदाही नाही. ज्याने गोल केला त्याचे नाव गुणफलकावर लागते. ज्याने होऊ दिला नाही त्याची नोंद म्हणून तिथे फक्त शून्य उरते. ते शून्य मला फार थोर वाटते, आणि त्याचीच आठवण म्हणून मी ते कात्रण चौकटीत बसवले.

१९८३ ते १९८६ या काळात ते भारताचे कर्णधार होते. कारकीर्द मात्र गोव्यातच, आणि तिची बहुतेक वर्षे एकट्या साळगावकरकडे गेली. अर्जुन पुरस्कार १९९७ साली मिळाला, पद्मश्री २०२२ साली. इतका विलंब उचित नव्हता, हे माझे स्पष्ट मत आहे.

खेळ थांबल्यावर त्यांनी गोलरक्षक घडवण्याचे काम पत्करले, राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकांनाही शिकवले. या कामाचे मोल समजून घे. १९९२ साली नियम बदलला : आपल्याच गड्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाती घ्यायचा नाही. त्यामुळे हातांवर वाढलेल्या पिढीला, स्वतःस फारसे कधी लागले नव्हते असे पायांचे कौशल्य दुसऱ्यांस शिकवणे भाग पडले. आणि शिष्याने चेंडू अडवला तर टाळ्या शिष्याला. गुरू मैदानाच्या कडेला.

आज कोळ्यांनी समुद्राला नारळ वाहिला. ओहोटीच्या वाळूत बांबू रोवून पोरे खेळत आहेत, आणि गोलात उभे राहायला कोणी राजी नाही म्हणून त्यांची भांडणे माझ्यापर्यंत ऐकू येतात.

ते छायाचित्र चौकटीसह तुझ्या बाबांबरोबर पाठवतो आहे; काच जपून हाताळ. जागा सोडण्याचे आत्ताच ठरवू नकोस. त्या चार गोलांच्या वेळी तू रेषेपासून किती पावले पुढे होतास, एकेक गोल आठवून, मला उलट टपाली लिही.

तुझा,
आजोबा