चंद्रावरची विवरे आणि पुराव्याची वाट

इतिहासाच्या शिक्षकाने चंद्राविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत. पुराव्यावरून भूतकाळ कसा वाचावा, याची ती शिस्त आहे. त्या दृष्टीने चंद्राचा पृष्ठभाग हे एक अस्सल दफ्तरच होय. तेथे वारा नाही, पाऊस नाही. त्यामुळे अब्जावधी वर्षांपूर्वीच्या नोंदी अजून फारशा पुसल्या गेलेल्या नाहीत.

१६१० साली गॅलिलिओने दुर्बिणीतून पाहिलेला चंद्र ग्रंथरूपाने जगापुढे मांडला. आकाशातले गोल निर्दोष व गुळगुळीत असतात, हे तोवरच्या पंडितांचे मत. चंद्रावर मात्र डोंगर आणि खळगे निघाले. हे खळगे झाले कशाने? १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने दोन प्रयोग नोंदवले. ओल्या चिकणमातीत त्याने बंदुकीची गोळी टाकून पाहिली. आणि एका मऊ दगडाची पूड तापवून तीत फुटणारे बुडबुडे न्याहाळले. दोन्हींत चंद्रासारखे खळगे उमटले. अवकाशातून दगड येऊन आदळतात, हे त्या काळच्या विद्वानांना मान्य नव्हते; म्हणून हूकने आतून उसळणाऱ्या वाफांच्या बाजूने कौल दिला. पुढे ज्वालामुखीचे मत रूढ झाले. १८९३ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने आघाताची बाजू मांडली, तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाद मिटला नव्हता.

निकालात दोन्ही पक्षांना आपापला वाटा मिळाला. चंद्रावरची बहुतेक विवरे आघातांची ठरली. परंतु ज्यांना आपण डाग म्हणतो, ती काळसर मैदाने थिजलेल्या लाव्हारसाची आहेत. त्यांतील बहुतेक लाव्हारस ३ ते ४ अब्ज वर्षांपूर्वी वाहिला. जुन्या खगोलज्ञांनी त्यांना ‘समुद्र’ म्हटले. ते नाव टिकले, पाणी मात्र तेथे नव्हतेच. या मैदानांत लांबलांब घळी दिसतात. काही सरळ आहेत. जमीन ताणली जाऊन दोन भेगांमधला पट्टा खचल्याने त्या झाल्या. काही नदीसारख्या नागमोडी आहेत. त्या लाव्हारसाने कोरल्या. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतले डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन अशाच एका, १०० किलोमीटरहून लांब आणि सुमारे १.५ किलोमीटर रुंद, हॅडली घळीच्या काठावर उभे राहिले होते.

असाच काळा कातळ आपल्या पायाखालीही आहे. दख्खनच्या बेसाल्टात आघाताने झालेले लोणारचे विवर म्हणूनच चंद्राच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खळगा पुराणाने लवणासुराचे घर ठरवला, पुढे अनेकांनी ज्वालामुखीचे मुख मानला. तळाशी छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्या आणि १९७३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. तेथे सहलीला गेलो असता नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, असुराची गोष्ट खरी नाही आणि ज्वालामुखीचीही नाही; मग दोन्हींत फरक काय?” आम्ही म्हणालो, “बाळ, ज्वालामुखीचे मत तपासता आले. खडक काढला, पाहिला, आणि मत सोडून दिले. असुराची कथा तपासायला कोणी छिद्र घेत नाही.”

हा फरक आमच्यासाठी केवळ शास्त्राचा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत ग्रहण लागले की वस्तीतली माणसे दान मागत गावात फिरत. चंद्राला झालेला विटाळ आमच्या लोकांच्या पदरी दान टाकल्याने फिटतो, अशी गावाची समजूत होती. चंद्राशी आमचे नाते पसरलेल्या पदरापुरते होते. बाबासाहेबांच्या हाकेनंतर आजोबांनी ते मागणे सोडले. त्या वर्षी घरात धान्य कमी आले, असे आजी सांगत असे; तरी सोडल्याचा पश्चात्ताप झाल्याचे तिने कधी सांगितले नाही. ज्यांना ग्रहणाचे कारण विचारण्याचा अधिकार नव्हता, त्यांची नातवंडे आज घळीचे कारण विचारतात. आमच्या मते या विद्यालयाची खरी कमाई हीच.

विचारण्याजोगे अजून पुष्कळ उरले आहे. २००९ मध्ये जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांत लाव्हारसाच्या मैदानातला एक उभा खड्डा आढळला. त्यानंतर असे २०० हून अधिक खड्डे नोंदले गेले. अपोलो ११ ज्या शांतिसागरात उतरले, तेथील एक खड्डा सुमारे १०० मीटर रुंद आहे. त्याच्या तळापासून आत भुयार जाते, असा रडारच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भुयारात अजून कोणी उतरलेले नाही.

शुक्ल सप्तमी-अष्टमीला आकाश निरभ्र असले की आम्ही गच्चीवर दुर्बीण लावतो. प्रकाश आणि अंधार यांच्या सीमेजवळ तेव्हा सावल्या लांब पडतात, विवरे उठून दिसतात आणि एखादी सरळ घळही केसासारखी हाती लागते. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलाबाळांसह अवश्य यावे. आधी पाहावे, मग विचारावे. उत्तरासाठी घाई नाही.