समीक्षकाची पहिली कादंबरी

नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाला निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि ‘आता लेखनाला भरपूर वेळ मिळेल’ ही सदिच्छा हमखास मिळते. सदिच्छा व्यक्त करणाऱ्यांच्या मनात बहुधा विखुरलेल्या लेखांचा संग्रह किंवा एखादे संपादन असते. मराठीच्या एका प्राध्यापकांनी मात्र साठाव्या वर्षी कादंबरी लिहावयास घेतली. या वाङ्मयप्रकाराचे अध्यापन त्यांनी तीसहून अधिक वर्षे केले होते. कथात्म साहित्याची एक ओळही तोवर लिहिलेली नव्हती.

असा उशिराचा आरंभ वाङ्मयेतिहासाला अपरिचित नाही. जर्मन कादंबरीकार थिओडोर फोंटाने याने १८७६ साली बर्लिनच्या कला अकादमीतील सचिवपद काही महिन्यांतच, पत्नीची नाराजी पत्करून, सोडले आणि १८७८ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. ‘एफी ब्रीस्ट’ पुस्तकरूपाने आली तेव्हा तो पंचाहत्तरीत होता. आपल्याकडे त्र्यं. वि. सरदेशमुख यांची ‘डांगोरा एका नगरीचा’ ही कादंबरी १९९८ साली, ते ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना प्रसिद्ध झाली; अर्थात त्यांचे कादंबरीलेखन त्यापूर्वीच सुरू झालेले होते. प्राध्यापकांना ही उदाहरणे मुखोद्गत होती. परंतु उदाहरणे धीर देतात, वाक्य देत नाहीत.

पहिली अडचण परिभाषेची होती. एखादे वाक्य कागदावर उतरण्याआधीच त्याची समीक्षा तयार असे. निवेदक कोण, त्याचा दृष्टिकोन कोणता, प्रतीक फार उघडे तर पडत नाही ना, या प्रश्नांची उत्तरे देता देता सकाळ संपे. ज्या उपकरणांनी इतरांच्या कादंबऱ्या उलगडल्या, त्यांनी स्वतःची एकही घडी घालता येईना.

दुसरी अडचण अधिक खोल होती. ती विषयाचीच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते; त्यांपैकी एक प्राध्यापकांचा थोरला भाऊ. साच्यांवर काम करणाऱ्या या भावाच्या पगारावर धाकट्याचे एम.ए. झाले होते. संप लांबला. एका संध्याकाळी दादा हातात कापडी पिशवी घेऊन उपनगरातल्या धाकट्याच्या घरी आला. पैसे मागावयास आला आहे हे कळत असूनही धाकटा आपल्या प्रबंधाविषयी बोलत राहिला. दादा जेवला, ‘बरं चाललंय ना तुझं’ म्हणाला आणि शेवटची गाडी गाठण्यासाठी निघून गेला. पुढे प्राध्यापकांनी नारायण सुर्वे यांच्या कवितेतील कामगारजीवनावर लेख लिहिला. तो अनेकांनी वाखाणला. त्या लेखात दादा नव्हता.

साहजिकच कादंबरीचा पहिला खर्डा धाकट्या भावाच्या निवेदनातून झाला. सुमारे दोनशे पाने भरली. वाचून पाहताना त्यांच्यातल्या परीक्षकाने या वेळी योग्य तेच सांगितले: ही कादंबरी नव्हे, हा माफीनामा आहे, आणि माफी मागणाराच त्यात सर्वांत सहृदय ठरला आहे. दादा केवळ त्याच्या अपराधाचे निमित्त झाला होता.

दुसरा खर्डा दादाच्या बाजूने लिहावयाचा ठरले, आणि तेथे लेखणी थांबली. त्या पिशवीत काय होते? दादा परत चाळीत पोहोचला तेव्हा काय म्हणाला? दादाला जाऊन बरीच वर्षे झाली होती. वहिनी सातारा जिल्ह्यातल्या गावी राहत होत्या. प्राध्यापक तेथे गेले. संकोचत त्यांनी त्या संध्याकाळची आठवण काढली.

वहिनी निवडत असलेले तांदळाचे सूप खाली ठेवून म्हणाल्या, “कोणती संध्याकाळ, भाऊजी? तेव्हा हे रोजच कुणाच्या ना कुणाच्या दारी जाऊन यायचे.”

त्या बोलण्यात दोषारोप नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. जी संध्याकाळ तीस वर्षे उराशी जपली, ती दादाच्या आयुष्यात अनेकांतली एक होती. त्याच्या कथेत धाकट्या भावाचे दार हे एक दार, इतकेच. त्या दिवशी प्राध्यापकांनी पुढे काही विचारले नाही. वहिनी आपण होऊन बोलत राहिल्या: कुणी पीठ दिले, कुणी दाराआडून नाही म्हणवून घेतले, दादाने भाजीची पाटी लावली तेव्हा पहिले गिऱ्हाईक कोण आले.

उत्तरायुष्यातील कथालेखनाचा खरा धोका बहुधा येथेच असतो. गाठीशी अनुभव भरपूर असतो आणि त्याचा न्यायनिवाडा आपल्या बाजूने व्हावा अशी सुप्त इच्छाही असते. आत्मचरित्रात ती इच्छा काही काळ खपून जाते. कादंबरीत मात्र स्वतःला मध्यभागातून उठून कडेला बसावे लागते. हे वर्गात शिकविणे सोपे, वयाच्या साठीनंतर करणे कठीण.

तिसऱ्या खर्ड्यात धाकटा भाऊ अर्ध्या पानापुरता येतो. दादा त्याच्याकडे जेवतो, थोडे ऐकून घेतो आणि निघतो. पिशवीत काय होते ते वाचकाला कळत नाही. कादंबरी अद्याप पूर्ण झालेली नाही. दर दिवाळीनंतर प्राध्यापक नवी पाने घेऊन गावी जातात आणि वहिनींना वाचून दाखवितात. त्या मध्येच थांबवून म्हणतात, “असं नव्हतं ते,” आणि प्राध्यापक समासात खूण करतात.