कौलारू घराचा ताळेबंद

दिवाळी झाली, पहाटे शाल घ्यावी लागते आहे, म्हणून गेल्या वर्षीच्या थंडीची गोष्ट लिहितो. आमच्या नंदगडच्या घराची. ज्यांची गावाकडची घरं कुलपात आहेत, त्यांनी जरूर वाचावी.

मी बी.कॉम., छत्तीस वर्षं बँकेत. निवृत्तीनंतर बेळगावात फ्लॅट. आई गेल्यावर गावचं घर सहा वर्षं बंद होतं. दर पावसाळ्यानंतर जायचं, पडझड बघायची, हळहळायचं आणि परत यायचं. मागच्याच्या मागच्या होळीला पुण्याच्या धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, विकून टाकूया. सांभाळणार कोण?" त्याचं काही चूक नव्हतं. पण मी बोलून गेलो, "दोन वर्षं दे. दुरुस्त करून पाहुण्यांना भाड्यानं देतो. नाही जमलं तर तू म्हणशील तिथं सही करतो."

रात्री हिशेबाला बसलो. गोठ्याची जागा धरून तीन खोल्या, खर्च नऊ लाख, पाहुणे फार तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले शनिवार-रविवार. खरं सांगतो, असा प्रस्ताव कुणी माझ्या टेबलावर आणला असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता. सौ. म्हणाली, "मग स्वतःलाही चहा पाजा." तरी एफडी मोडली.

पहिली चूक घाईची. उन्हाळ्यात शहरातला कंत्राटदार आणला. त्यानं मातीच्या भेंड्यांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. दिसायला गुळगुळीत! पण आमच्या खानापूर तालुक्यात जूनला पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत ओल हटत नाही. मातीची भिंत ओल घेते तशी सोडतेही. सिमेंटनं तिचं तोंडच बंद केलं. गणपतीला गेलो तर जागोजागी फुगे, हात लावला की पोपडा हातात. दीड लाख पाण्यात. भावाला सांगितलं नाही.

गावातले एक म्हातारे गवंडी येऊन बघून गेले. म्हणाले, "साहेब, घराला रेनकोट घातलासा. घाम जाणार कुठनं?"

दसऱ्याला त्यांनाच काम दिलं. सिमेंट खरवडलं, माती आणि भाताच्या तुसाचा गिलावा केला, वर चुना. छपरावरची मंगळुरी कौलं उतरवली. ही कौलं बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केली आणि पुढं सगळ्या किनारपट्टीवर व घाटावर पसरली. वाळवीनं खाल्लेले वासे बदलले. नव्या कौलांची खाच जुन्यात बसेना, म्हणून धड जुनी कौलं पुढच्या बाजूला आणि नवी सगळी मागच्या बाजूला घातली.

छप्पर अर्धं उघडं असताना सुगी आली. भात कापायला माणसं शेतात, कामावर कुणी नाही. त्यात आभाळ भरून आलं. पाच रात्री आम्ही दोघं ताडपत्रीखाली झोपलो. फ्रान्समधल्या भाचीचा फोन आला. तिच्या शेजारचं जोडपं शेतावरचं जुनं दगडी घर असंच सुट्टीसाठी देतं. तिकडं अशा घरांना जीत म्हणतात, १९५५ पासून त्यांची देशभर संघटनाही आहे. थंडीपूर्वी नळांतलं पाणी काढून टाकायची त्यांची धांदल, नाहीतर गोठून नळ फुटतात. मी म्हटलं, "त्यांचा जानेवारी तो आमचा जुलै गं."

पंचायत आणि पर्यटन खात्याचे कागद होऊन डिसेंबरात पहिलं कुटुंब आलं, हुबळीचं. दिवसा हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर, कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून आले. पहाटे व्होल्टेज पडलं, गीझर बंद. सौ.नं आईचा तांब्याचा बंब पेटवला. पोरं त्याच्याजवळून हलेनात. दुसऱ्या कुटुंबाच्या अंथरुणावरून मात्र उंदीर गेला. त्यांचे एका रात्रीचे पैसे परत केले.

नंदगडलाच २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळी रायण्णांना फाशी झाली. त्यामुळं त्या दिवशी समाधीला गर्दी असते, आमच्या खोल्याही भरल्या. भाऊ आला तो ओसरीवर झोपला. सकाळी मी वही पुढं ठेवली. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं: सिमेंट गिलावा, तोटा १,५०,०००.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"तू विकूया म्हणाला असतास."

"दादा, मी काय तुझा ऑडिटर आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. तो बराच वेळ परड्यात फिरत राहिला. जाताना म्हणाला, "त्या ओळीतला निम्मा माझ्या नावावर टाक."

मोसमाचा हिशेब: जमा एक लाख दहा हजार. स्वयंपाकाच्या बाई, राखणदार, वीज आणि किरकोळ खर्च जाऊन उरले तीस हजार. एफडीचं व्याज याहून जास्त आलं असतं. पण यंदाच्या पावसाळ्यात एकच कोपरा गळला.

दोन वर्षांची मुदत येत्या होळीला संपते. काय ठरेल ते कळवेनच. तोवर एवढंच सांगतो, मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका, काम दसऱ्याला काढलंत तर सुगीचे दिवस आधी वजा करा, आणि तोटा झाला तर भावंडांना त्याच दिवशी सांगा.

काल भावाचा फोन होता. म्हणाला, "तो कोपरा मे महिन्यात आपण दोघं मिळून बघू." मे महिना होळीच्या नंतर येतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, मी विचारलं नाही.