आधी चिठ्ठी, मग चर्चा!

सोमवार सकाळ, दहाची मीटिंग. हिंजवडीचं ट्रॅफिक झेलून आम्ही ११ जण कॉन्फरन्स रूममध्ये बसलेलो. चेहऱ्यांवर अजून रविवारच. आणि मी, नवाकोरा टीम लीड, हातात पिवळा स्माइली बॉल घेऊन उभा.

'ज्याच्याकडे बॉल येईल त्यानं वीकेंडला काय केलं ते सांगायचं!'

हा खेळ मी एका ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. तिथे सगळे खदखदून हसले होते. इथे आमच्या सिनिअर टेस्टरनं 'झोपलो' म्हणत बॉल पुढे ढकलला. मग ओळीनं पाच जण झोपलेच होते. शेवटी बॉल गेला लातूरहून आलेल्या मुलीकडे. टीममधली सगळ्यात ज्युनिअर, जॉइन होऊन जेमतेम चार महिने झालेले. ती काहीतरी पुटपुटली. 'अगं, मोठ्यानं बोल की!' मी म्हणालो. तेव्हा मात्र सगळे हसले.

त्याच शुक्रवारी आमचं रिलीज गेलं आणि रात्री साडेअकराला क्लायंटचा फोन आला. तारखांचा घोळ! अमेरिकेत महिना आधी लिहितात, आपण दिवस आधी. १२च्या पुढची तारीख असली तर सिस्टीम निदान बोंब तरी मारते, कारण तेरावा महिनाच नसतो. पण ५ मार्चचं बिल गुपचूप ३ मेचं होऊन बसतं. शनिवार-रविवार गेला निस्तरण्यात.

रविवारी दुपारी कॉफी मशीनपाशी ती हळूच म्हणाली, 'सर, हे मला आधीच दिसलं होतं. सोमवारी सांगणार होते.'

'मग?'

'तो बॉल...' एवढंच म्हणून ती कप घेऊन निघून गेली.

खरं सांगतो, झोप उडाली. मग मी जरा वाचावाची केली. ब्रेनस्टॉर्मिंग हा शब्द लोकप्रिय केला अमेरिकेतल्या जाहिरातवाल्या अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी. १९५३च्या त्यांच्या पुस्तकात सगळं छान छान आहे. पण १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं, की माणसं एकत्र बसून बोलण्यापेक्षा एकेकटी विचार करतात, तेव्हा सगळ्यांच्या मिळून जास्त कल्पना निघतात. कारण अगदी साधं. एक बोलत असतो तेव्हा बाकीचे थांबलेले असतात, आणि थांबता थांबता डोक्यातलं विसरतात किंवा गिळून टाकतात. जर्मनीत तर १९६८ मध्येच ६-३-५ नावाची पद्धत निघाली होती: सहा जण, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे. अर्ध्या तासात १०८ कल्पना, आणि तोंडातून चकार शब्द नाही!

आम्ही एवढ्या जर्मन शिस्तीत नाही गेलो. स्टेशनरीच्या कपाटातून कागदाचे चिटोरे काढले. प्रश्न एकच: या रिलीजमध्ये भीती कशाची वाटते? पाच मिनिटं शांतता, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या माझ्या जेवणाच्या डब्यात. प्रत्येकानं एक उचलायची आणि दुसऱ्याची भीती मोठ्यानं वाचायची.

पहिल्या दिवशी दोन चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. एकीवर माझं व्यंगचित्र (नाक जरा जास्तच मोठं). एकीवर 'मीटिंग छोटी करा'. आणि एक बारीक अक्षरातली: 'टॅक्स राउंड करताना पैशाचा फरक पडतोय, तपासा.' ती नेमकी आली सिनिअर टेस्टरच्या हातात. त्यानं वाचली, परत वाचली आणि म्हणाला, 'करेक्ट आहे रे. कुणी लिहिलंय?' कुणीच हात वर केला नाही. मी खाली डब्याकडे बघत राहिलो.

जादू वगैरे काही नाही हं. महिन्याभरात सगळ्यांना सगळ्यांची अक्षरं कळायला लागली, मग आम्ही फोनवरच्या पोलवर गेलो, तिथूनही कंटाळून परत चिठ्ठ्यांवर आलो. आणि नुसती सूचना द्यायची असेल तर ना चिठ्ठी ना मीटिंग, सरळ मेल टाकतो. बॉल कुणाच्या तरी घरी गेला, लेकरू खेळतंय म्हणे.

मागच्या सोमवारी चिठ्ठ्या वाटायला मी चक्क विसरलो आणि बोलायला सुरुवात केली. तिनं उठून कपाटातून गठ्ठा आणला आणि पहिला कागद माझ्यापुढे ठेवला.

'सर, आधी तुम्ही लिहा.'