पट्ट्यापट्ट्यांचा खलाशी

डोकं नाही, हात नाहीत, मांडीखाली पाय नाहीत. नुसतं भरदार छातीचं निळसर काचेचं धड, त्यावर फ्रेंच खलाशांच्या बनियनवर असतात तसे आडवे पट्टे, आणि राहायला पत्र्याचा डबा. जाँ पोल गोतिए या फ्रेंच फॅशनकाराचा ‘ल माल’ १९९५ साली बाजारात आला तो या थाटात. देह पैलवानाचा आणि अंगाला दरवळ व्हॅनिलाचा.

त्या वर्षांत पुरुषांच्या सुगंधांना पाण्याचं वेड लागलं होतं. ‘कूल वॉटर’नं १९८८मध्ये गारव्याची वाट पाडून दिली होती आणि १९९४चा ‘सीके वन’ स्त्री-पुरुष दोघांनाही चालेल इतका हलका, धुतल्यासारखा स्वच्छ होता. या मंडळींत हा गोड वासाचा गडी येऊन उभा राहिला आणि खपलाही भरपूर. त्याला घडवणारे फ्रान्सिस कुर्कजियाँ तेव्हा जेमतेम पंचविशीचे होते. लॅव्हेंडर आणि व्हॅनिला ही जोडी त्यांनी शोधलेली नाही. कारों या सुगंधघराच्या ‘पूर अँ ओम’मध्ये ती १९३४पासून सुखानं नांदते आहे. पण तिथे ती हळू बोलते. कुर्कजियाँनी तिला खुला आवाज दिला.

ल मालची ओळख काउंटरवरच्या कागदी पट्टीवर करून घेऊ नये. पट्टीला अंगाची ऊब नसते आणि हा गडी उबेवरच खुलतो. मनगटावर एकच फवारा मारावा. अल्कोहोल उडून जातं तोवर पुदिना नाकाला झोंबतो, मागोमाग वेलदोडा येतो आणि त्या दोघांच्या खांद्यावरून गोडवा डोकावतो. बहुतेक माणसं इथेच निकाल देऊन टाकतात. कुणी म्हणतं, ‘फारच गोड आहे हो’, कुणी लगेच खिशात हात घालतं. दोघांचीही घाई होते, कारण ही नुसती दारातली रामराम-शामराम असते.

खरा माणूस भेटतो तासाभरानं. पुदिना निघून गेलेला असतो आणि लॅव्हेंडर खाली बसलेलं असतं. आता वास येतो तो दाढीच्या साबणाचा, गरम पाण्यानं पुसलेल्या हनुवटीचा. युरोपातल्या जुन्या न्हाव्यांच्या दुकानांत हाच वास असे. त्यात दालचिनी आहे आणि किंचित जिरंही आहे. आपल्या फोडणीतलं जिरं इथे माणसाच्या कातडीची, घामाची ऊब आणतं. ते नसतं तर हा सुगंध मिठाईच्या दुकानातच राहिला असता. मला तो आवडतो तो याच टप्प्यावर, गोड आणि खरखरीत एकाच श्वासात येतात तेव्हा.

या गोडव्यामागे टोंका नावाची दक्षिण अमेरिकेतली एक काळी, सुरकुतलेली बी आहे. तिच्यातल्या कुमारीन या द्रव्याला वाळल्या गवताचा, बदामाचा आणि थोडा व्हॅनिलाचा वास येतो. विल्यम पर्किन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १८६८मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं. पुढे १८८२मध्ये ‘फूझेर रोयाल’ या सुगंधात ते वापरलं गेलं आणि त्याच्या घराण्यातूनच पुरुषांच्या कितीतरी सुगंधांची वंशावळ निघाली. म्हणजे ज्याला आपण खास ‘पुरुषी’ वास म्हणतो, त्याच्या तळाशी गोडवा पहिल्यापासूनच होता. तो तळघरात ठेवला जाई. ल मालनं त्याला बैठकीत आणून बसवलं.

म्हणून ‘हा तर बायकी वास’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. आपल्याकडे तर हा प्रश्नच नव्हता. कानात अत्तराचा फाया खोचून गाण्याच्या बैठकीला बसणाऱ्या पुरुषांना गुलाब आणि मोगरा कधी परका वाटला नाही. त्यांना ऋतूही कळत होता. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. पुरुषानं झोंबणाऱ्या आणि गार वासाचंच असलं पाहिजे, हे खूळ डिओडरंटच्या डब्यांबरोबर आलं आणि त्यात आपली जुनी नजर हरवली याचं मला वाईट वाटतं.

अत्तरवाल्यांचं ते ऋतूंचं शहाणपण या खलाशालाही लागू आहे. व्हॅनिलीन आणि कुमारीन सावकाश उडणारी द्रव्यं. सकाळी लावलेला वास रात्री शर्टाच्या कॉलरवर सापडतो तो त्यांच्यामुळे. पण उकाड्यात ती भराभर सुटतात आणि घमघमाट होतो. मे महिन्यातल्या मुंबईत, लोकलच्या गर्दीत, दोन फवारेसुद्धा शेजाऱ्याला जड जातील. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या संध्याकाळी मात्र हाच वास स्वेटरच्या आतून हळूहळू वर येतो. तेव्हा त्याच्याइतका सोबतीचा सुगंध मला दुसरा ठाऊक नाही.

घ्यायचाच असेल तर थंडीत दुकानात जा. एका मनगटावर एकच फवारा मारून घ्या, दुसरा कुठलाही वास त्या दिवशी अंगावर घेऊ नका आणि सरळ घरी या. रात्री झोपताना मनगट पुन्हा नाकाशी न्या. तेव्हाही आवडला, तरच दुसऱ्या दिवशी पैसे मोजा.