चार बोटे जागा

उंच माणसाचे आपल्याकडे मोठे कौतुक होते. घरी पाहुणे आले, की ते उंच मुलाला जवळ बोलावतात आणि 'अरे वा, केवढा ताडमाड वाढलास रे!' असे म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारतात. परंतु ह्या कौतुकाची किंमत त्या बिचाऱ्याच्या कपाळाला चुकवावी लागते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझी उंची सहा फूट तीन इंच आहे. कळंबचे आमचे जुने घर माझ्या आजोबांनी बांधले. ते स्वतः ठेंगणे असल्यामुळे त्यांनी दारेही ठेंगणी ठेवली. लहानपणी त्या दारांतून मी धावत ये-जा करी; परंतु चौदाव्या वर्षी मी एकाएकी वाढू लागलो आणि त्या वर्षापासून दारावरच्या गणेशपट्टीची व माझ्या कपाळाची जी गाठ पडू लागली, ती आजतागायत सुटलेली नाही. गावातील सोबती समुद्रकाठच्या सुरूच्या झाडांवरून मला 'सुरू' म्हणत. नालासोपाऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये उभे राहायची वेळ आली, की माझी मान वाकडी होई. शिंपी माप घेताना सुस्कारा टाकी. तरीही मी कधी तक्रार केली नाही. जग काही आपल्या मापाने बनलेले नाही; तेव्हा आपणच थोडे वाकावे, हे बरे, अशी माझी समजूत होती. पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, आणि हीच समजूत मी माझ्या विद्यार्थ्यांनाही शहाणपण म्हणून शिकवली.

ती समजूत किती अपुरी होती, हे मला सेवानिवृत्तीनंतर कळले. आणि तेही एक मोटार विकत घेताना!

मोटारीची आम्हांला हौस नव्हती, निकड होती. माझ्या पत्नीचे गुडघे दुखू लागले होते. बसच्या पायऱ्या चढणे तिला जमेना. दवाखान्यात जायचे, तर दर वेळी कोणाची तरी गाडी मागावी लागे. एके दिवशी ती म्हणाली, "अहो, दुसऱ्यांच्या दारात किती वेळा उभं राहायचं? आपण एक गाडीच घेऊ या." मी वाहन चालवण्याचा परवाना तरुणपणीच काढलेला होता. साठवलेल्या पैशांतला थोडा भाग बाजूला काढला आणि एका रविवारी आम्ही वसईच्या बाजूला मोटारी पाहण्यासाठी निघालो. बारा वर्षांची माझी नात सुट्टीसाठी आलेली होती. तिने शिवणाच्या पेटीतली मोजपट्टी बरोबर घेतली. "आजोबा, तुम्ही नुसतं पाहाल; मी मोजीन," असे तिने मला बजावले.

पहिल्या दुकानात एक देखणी, चकचकीत मोटार होती. विक्रेता तरुण व मोठा बोलका होता. त्याने रंग सांगितले, किंमत सांगितली, आणि शेवटी अभिमानाने म्हणाला, "सर, ॲव्हरेज तर फारच छान देते." आपल्याकडे गाडी एका लिटर इंधनात किती किलोमीटर धावते, ह्याला सारेजण 'ॲव्हरेज' म्हणतात. मी मान डोलावली आणि आत बसलो. बसलो म्हणण्यापेक्षा घडी घालून ठेवला गेलो, असे म्हणणे अधिक योग्य होईल! डोके छताला टेकले. त्या छताला उघडझाप करणारी काचेची खिडकी होती. ती शोभेला उत्तम. परंतु तिची चौकट छताच्या आतल्या अंगाला बसवावी लागते, त्यामुळे डोक्यावरची दोन-तीन बोटे जागा तीच खाऊन टाकते. माझा गुडघा स्टिअरिंगला लागत होता. क्लच दाबून पाय वर घ्यावा, तर गुडघा स्टिअरिंगखाली अडके. समोर पाहिले, तर काचेची वरची कड माझ्या नजरेच्या आड येत होती. रस्त्यावरचा सिग्नल पाहायचा, तर मला मान खाली घालून वर पाहावे लागले असते.

मी तसे सांगताच तो तरुण हसून म्हणाला, "सर, थोडं वाकून बसा. चार दिवसांत सवय होईल."

ते शब्द ऐकताच मी एकदम स्तब्ध झालो. हे वाक्य मी पूर्वी कोठे तरी ऐकले होते. नव्हे, ते मीच उच्चारले होते!

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सातवीच्या वर्गाला शिकवत होतो. ठेंगण्या मुलांनी पुढे बसावे आणि उंच मुलांनी मागे, असा आमच्या वर्गाचा नियम होता. वर्गात एक मुलगा इतरांपेक्षा वीतभर उंच होता. तो अर्थातच शेवटच्या बाकावर बसे. सारी बाके एकाच मापाची होती. त्याचे पाय बाकाखाली मावत नसत. ते वाटेत येत. मी जाता-येता त्याला रागावत असे, "पाय आत घे. थोडं वाकून बस. सवय होईल." तो निमूटपणे पाय आखडून घेई. पुढे पुढे तो फळ्यावरचे लिहून न घेता शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागला. मी त्याला आळशी ठरवले, आणि एके दिवशी साऱ्या वर्गासमोर उभे करून बोललो. त्याने उत्तर दिले नाही. काही महिन्यांनी शाळेत मुलांचे डोळे तपासण्यात आले. तेव्हा कळले, की त्या मुलाला दूरचे नीट दिसतच नव्हते! आपल्याला फळा दिसत नाही, हे त्याला सांगता आले नाही; कारण इतरांनाही तो तसाच अंधूक दिसत असेल, असे त्याला वाटत होते. मग त्याला चष्मा मिळाला. मी त्याला भिंतीकडच्या रांगेत पुढे बसवले. तेथे तो कोणाच्या आड येत नव्हता, आणि पाय पसरायलाही जागा होती. इतका सोपा उपाय होता! परंतु तो मला सहा महिने सुचला नाही. गणेशपट्टीवर रोज कपाळ आपटणाऱ्या माणसाला तो सुचायला हवा होता. मी त्या मुलाची क्षमा मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा कशी मागावी, असे तेव्हा मला वाटले. वर्ष संपले, आणि ते राहून गेले ते राहूनच गेले.

त्या दुकानातून आम्ही बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणी एक उंच, भक्कम गाडी होती. तिच्यात मी बसलो मात्र, आणि जन्मात प्रथमच मोटारीत ताठ बसण्याचे सुख मला लाभले. नातीने मोजपट्टी लावली. डोके आणि छत ह्यांच्यामध्ये सहा बोटे जागा होती. मी आनंदाने म्हणालो, "ठरलं! हीच घ्यायची."

"आजोबा," नात हळूच म्हणाली, "आजीकडे बघा ना."

मी वळून पाहिले. पत्नी दाराशी उभी होती. गाडीचा तळ जमिनीपासून इतका उंच होता, की आत पाय टाकण्यासाठी तिला गुडघा पोटापर्यंत उचलावा लागत होता. तिने दोनदा प्रयत्न केला, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "घ्या हो, मला होईल सवय."

पुन्हा तेच वाक्य! या वेळी ते ऐकून मला शरम वाटली. जिच्या गुडघ्यांसाठी गाडी घ्यायची, तिलाच मी क्षणभर विसरलो होतो. स्वतःला जागा मिळाली, की दुसऱ्याची अडचण दिसेनाशी होते. वाकण्याचा उपदेश मग आपण सहज करू लागतो.

त्या रात्री मला पूर्वी वाचलेली एक हकिकत आठवली. 1950 साली अमेरिकेच्या विमानदलात वैमानिकांच्या शरीराची मापे घेण्यात आली. विमानातील बसण्याची जागा तेथे 'सरासरी' वैमानिकाच्या मापाने बनवलेली असे. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने 4,063 वैमानिकांची दहा-दहा मापे तपासली: उंची, छाती, हाताची लांबी, अशी. त्याने सरासरीच्या अलीकडे-पलीकडे पुष्कळ सूट दिली, आणि मग पाहिले, की दहाही मापांत सरासरीत बसणारे वैमानिक किती? मुलांनो, तुम्हांला काय वाटते? हजार? पाचशे? उत्तर आले, एकही नाही! कोणाचे हात लांब, तर पाय आखूड; कोणाची उंची मध्यम, तर छाती रुंद. सरासरी माणसासाठी म्हणून जी जागा बनवली होती, ती प्रत्यक्षात कोणाचीच नव्हती. पुढे विमानदलाने विमाने बनवणाऱ्यांना सांगितले, की माणूस जागेच्या मापाचा शोधू नका. जागाच माणसाच्या मापाने हलेल अशी करा. मागेपुढे सरकणारी, वरखाली होणारी आसने अशा विचारातून रूढ झाली. आज मोटारीतल्या आसनाखाली जो दांडा असतो, त्याच्या मागेही हाच विचार आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा निघालो. परंतु आता गाडीची परीक्षा घेण्याचे आमचे नियम ठरले होते. नातीने ते वहीत लिहून काढले. डोके आणि छत ह्यांच्यामध्ये चार बोटे जागा हवी. छाती स्टिअरिंगपासून एक वीत तरी दूर हवी. कारण अपघातात स्टिअरिंगमधून सुरक्षेची हवेची पिशवी झटक्यात फुगते, आणि तिला फुगायला अंतर लागते. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहावा. मानेमागची उशी डोक्याच्या मध्यापर्यंत तरी पोचावी. ती खाली राहिली, तर मागून धक्का बसताच मान झटक्याने मागे जाते. माझे आसन पूर्ण मागे सारल्यावर मागे बसलेल्या नातीचे गुडघे दबता कामा नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, आजीला कोणाचाही हात न धरता आत बसता यावे.

अशी गाडी मिळेल काय? मला शंका होती. परंतु ती मिळाली, आणि तीही मोठी नव्हे, अगदी आटोपशीर! तिचा तळ खाली आणि छप्पर उंच होते. अशा उभट बांधणीच्या छोट्या गाड्या आपल्या देशात 1998-99 च्या सुमारास आल्या. त्यांतली युक्ती मला नातीला समजावून सांगता आली. पाटावर बसलो, की पाय पुढे पसरावे लागतात, आणि पुष्कळ लांब जागा लागते. खुर्चीवर बसलो, की तेच पाय खाली सुटतात, आणि थोडक्या लांबीत भागते. फक्त डोक्यावर उंची हवी. पहिल्या गाडीत मी पाटावर बसल्यासारखा बसलो होतो. ह्या गाडीत खुर्चीवर बसलो. पत्नीने दार उघडले, ती आसनावर टेकली, दोन्ही पाय आत घेतले, आणि दार लावून घेतले. हात धरायला मी पुढे झालो होतो. परंतु तिला माझी गरजच पडली नाही. मागच्या बाजूने नात ओरडली, "आजोबा, माझ्या गुडघ्यांना जागा आहे!"

ती गाडी आता आमच्या अंगणात माडाखाली उभी असते. पत्नी आता दवाखान्यात वेळेवर पोचते, आणि तिच्या मनात आले, की संध्याकाळी आम्ही निर्मळच्या तळ्यापर्यंत फेरी मारून येतो. घरात शिरताना मात्र गणेशपट्टी अजूनही मला प्रसाद देते. पुढच्या उन्हाळ्यात ती चौकट चार बोटे वर घेण्याचे मी सुताराला सांगून ठेवले आहे. पन्नास वर्षे मी वाकत राहिलो. चौकट वर घेता येते, हे मला सुचलेच नव्हते!

गाडी चालवताना कधीकधी तो शेवटच्या बाकावरचा मुलगा मला आठवतो. तो आता चांगला मोठा झाला असेल. कोठे असेल, कोणास ठाऊक! हा लेख त्याच्या दृष्टीस पडला, तर माझी राहून गेलेली क्षमायाचना त्याच्यापर्यंत पोचेल, अशी आशा आहे. आणि तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर कोणी पाय आखडून बसलेला असेल, तर बाळांनो, त्याला 'सवय होईल' असे सांगू नका. त्याला फळा दिसतो का, एवढे विचारा.

परवा शेजारी गाडीपाशी आले, आणि सवयीप्रमाणे त्यांनी विचारले, "काय सर, ॲव्हरेज किती देते?"

मी हसून म्हणालो, "सरासरीचं मला विचारू नका. आम्ही तिघंही तिच्यात मावतो, एवढं खरं!"